चँपियनचे तीन आकडे

४ नोव्हेंबर

पंच म्हणाले, वही ठेवा. मशीनला रोज काय केलं ते तारीख घालून लिहा, म्हणजे उद्या कुणी येऊन म्हणायला नको की हे मी केलं. म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिण्याचा मला कंटाळा. चौथीत शाळा सुटली, वडिलांच्या गॅरेजात पाने पुसायला बसले ते बसलेच. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. ज्याला वाचायचं त्याने डोळे ताणून वाचावं.

परवा भावाने गॅरेजचं कुलूप बदललं. माझा धाकटा भाऊ, पण त्याला सगळे चँपियन म्हणतात, घरातलेसुद्धा. मला म्हणाला, "ताई, तू आता आराम कर. शिकलेला ट्यूनर ठेवलाय. लॅपटॉपवर बघतो सगळं." वीस वर्षं त्याच्या शर्यतीच्या मोटरसायकलचं, म्हणजे मशीनचं, पोट मी फाडलं, मीच शिवलं. आणि आराम कर म्हणे. आराम आजारी माणसं करतात.

म्हटलं ठीक, दुसऱ्या कुणाकडे जाईन. तिथे कामाचा दाखला लागतो. म्हणून आज वेगाच्या संघटनेच्या ऑफिसात गेले. पंचांनी जुने फॉर्म काढले. अडीचशे सीसीत भावाचे तीन रेकॉर्ड आहेत. डांबरावर ताशी १७१.४ किलोमीटर, वाळूवर १५८.२, मिठाच्या मैदानावर १८३.६. तिन्ही फॉर्मवर चालक तो. मशीन बनवणारा, तोच. आणि खाली 'स्वयंपाक व सामान' असं छापलेलं, त्याच्यापुढे माझी सही. तिन्हीवर.

सही कर म्हणाला की मी ग्रीसच्या हाताने करायची. वाचायला थांबते कोण? ही घाई माझी, कबूल. पण लबाडी कुणाची?

तेही गिळलं असतं. पण पंचांनी नियम वाचून दाखवला आणि माझं डोकं फिरलं. रेकॉर्ड म्हणजे एकदा सुसाट जाऊन भागत नाही. तासाच्या आत त्याच पट्ट्यावरून उलटं यावं लागतं आणि दोन्हीची सरासरी धरतात, म्हणजे वारा पाठीशी घेऊन कुणी शहाणपणा करू नये. मधल्या वेळात मशीन दोरीच्या कुंपणात उभी असते. दोरीच्या आत दोघांनाच परवानगी, चालवणारा आणि बनवणारा. तिसऱ्याने हात लावला की बाद.

मी वीस वर्षं दोरीच्या बाहेर उभी राहिले. तो प्लग काढून रुमालात घेऊन बाहेर यायचा. मी रंग बघायची. चहासारखा असला तर मशीनचं पोट भरलेलं. पांढरा तर उपाशी, पेट्रोल कमी पडतंय. पांढऱ्यावर चकाकते दाणे दिसले तर पिस्टन वितळायला लागला, आता ती धावता धावता जाम होणार. रंग बघून मी जेटचा नंबर सांगायची. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळी भोक, मोठा नंबर तर पेट्रोल जास्त. तो आत जाऊन बदलायचा. एकदा विचारलं होतं, मी येऊ का आत? म्हणाला, "ताई, बाहेरच्या माणसाला नियम नाही."

मी पंचांना म्हटलं, "फॉर्म द्या."

"चालकाचा की बनवणाऱ्याचा?"

"दोन्ही."

"वय?"

"एक्कावन्न."

पंचांनी चष्मा काढून पुसला. "बाई, पडलात तर?"

"तर उचला."

१९ नोव्हेंबर

वडिलांनी एकसारख्या दोन मशीन घेतल्या होत्या. एक भावाची झाली. दुसरी भंगारात गेली तेव्हा मी उचलून आणली, ती माझ्या शेडमध्ये गोणपाटाखाली आहे. याच शेडमध्ये मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. आज मशीन उघडली. सिलिंडरला गंज. क्रँकचं बेअरिंग हाताला खडखडतंय. ते बघून बरं वाटलं. काम आहे म्हणजे दिवस जातील.

दुपारी भावजय आली. दोन बॅगा, एक उशी आणि तुळशीएवढी कसलीशी कुंडी काखेत.

"वन्सं, मदतीला आले."

"नवऱ्याने पाठवलंय का, टेहळणीला?"

"मी घरात नाही हे कळायला त्यांना आठवडा लागेल."

मदतीला येताना कुंडी कशाला ते मला कळलं नाही. पण हात रिकामे असले की मला कुणी चालत नाही, म्हणून तिला गंज घासायला बसवलं. चांगला घासते. बोलत नाही हे त्याहून चांगलं.

८ डिसेंबर

लेथवाल्याने सिलिंडर बोअर करून दिला. त्याने विचारलं, "मावशी, हे कुणासाठी?" मी म्हटलं, "आयत्या बिळावर एक नागोबा बसलाय, त्याला उठवायचंय." तो समजला. गालातल्या गालातच हसला, कारण त्याच्या लेथवर चँपियनही येतो.

मशीन पहिल्यांदा सुरू झाली. टाकीत मी तेल जरा जास्त घातलं होतं, शेडभर निळा धूर. भावजय खोकत होती आणि हसत होती.

मला चालवता येते का असं तिने विचारलं. वीस वर्षं प्रत्येक मशीन चँपियनच्या हातात देण्याआधी गॅरेजमागच्या रस्त्यावर कुणी पळवली? त्याला सायकलसुद्धा मीच शिकवली. सीट धरून मागे धावायची. सोडलं तर बोंबलायचा.

मग तिने विचारलं, क्लच सोडताना नेमकं कुठे पकडतो ते कसं कळतं. म्हटलं, "तुला काय करायचंय? जेट पूस." पण दाखवलं. विचारलं की दाखवायची मला खोड आहे.

भाऊ अजून तिला न्यायला आलेला नाही. बायको तीन आठवडे नणंदेकडे, आणि हा माणूस फोनही करत नाही. बहुधा माझी टेहळणी पुरी झालेली नसेल.

२० डिसेंबर

पडले. चौथ्या गियरमध्ये एक कुत्रं आडवं आलं. ढोपर सोललं, डावा हात वर जात नाही. अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं की पुरे, एक्कावन्न वर्षांची बाई, काय सिद्ध करायचंय? मग तो फॉर्म आठवला. स्वयंपाक व सामान. मला धड चहा येत नाही. निदान खोटं तरी शोभेल असं लिहायचं.

उठले आणि हँडल सरळ केलं.

१५ जानेवारी

डांबर. जुनी धावपट्टी आहे, विमानं आता येत नाहीत, फटीफटींतून गवत. आडवा वारा. मी टाकीवर पोट टेकून झोपले, हनुवटी खाली, कोपर आत. जाताना १७४.०. चँपियनहून जास्त.

दोरीच्या आत पहिल्यांदा गेले. तिथे काही नसतं. चार खांब आणि सावली नाही. यासाठी वीस वर्षं.

पण रेकॉर्ड झाला नाही. परत निघण्याआधी तपासणीवाल्याने माझ्या हेल्मेटचा पट्टा जुना आहे म्हटलं. दोन मिनिटांत भावजयीचा पट्टा लावता आला असता. मी त्याच्याशी भांडत बसले. त्याच्या आईचं हेल्मेट कसं होतं तिथपर्यंत गेले. निघाले तेव्हा एक तास चार मिनिटं झाली होती. चार मिनिटांनी बाद.

भावजय म्हणाली, "वन्सं, तुमची मशीन शंभर नंबरी. तुमच्या तोंडाला तेवढं पेट्रोल जास्त होतंय, जेट लहान करा." मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

१६ जानेवारी

तोंड बंद ठेवलं. जाताना १७३.१, येताना १७२.७. सरासरी १७२.९. एक आकडा खोडला.

फोन आला. "ताई, अभिनंदन. पण वाळूवर जाऊ नकोस. वाळू वेगळी असते." आता बोलायला सुचलं याला. घाबरलाय मेला. मी म्हटलं, "तुझी बायको इथे आहे. तिला काही निरोप?" तो म्हणाला, "ठीक आहे ना?" म्हटलं, "मशीनबद्दल विचारतोयस की तिच्याबद्दल?" त्याने फोन ठेवला.

भावजयीला सांगितलं. ती कुंडीला पाणी घालत होती, घालत राहिली.

१७ फेब्रुवारी

वाळू. ओहोटीच्या वेळी दोन तास ओली वाळू दगडासारखी होते, तेवढ्यातच जायचं नि यायचं. जाताना ठीक. येताना माझ्याच चाकाच्या खाचेत पुढचं चाक शिरलं आणि हँडल दोन्हीकडे थडथडायला लागलं, पिसाळल्यासारखं. अशा वेळी बायका देवाचं नाव घेतात म्हणे. मी भावाचं घेतलं, आणि त्याच्यापुढे जे लावलं ते पंचांच्या या वहीत लिहीत नाही. थ्रॉटल सोडला नाही. सोडला असता तर गेले असते.

१५८.८. सहा दशांशांनी. पण खोडला.

रात्री भावजयीने माझे हात गरम पाण्याने शेकले. म्हणाली, "भीती वाटली?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मला बघूनच वाटली." आणि मग, "पण मजाही आली असेल." मजा म्हणून मी हे करत नाही.

२ मार्च

पेपरात चँपियनची मुलाखत. भावजयीने वाचून दाखवली. म्हणे, "माझ्याच घरात शिकलेल्या युक्त्या माझ्याविरुद्ध वापरल्या जात आहेत. मिठावर मी स्वतः उतरून उत्तर देईन." चोराच्या उलट्या बोंबा! घर वडिलांचं, युक्त्या माझ्या, आणि शिकले मी!

तो कागद मी क्रँकखाली घातला, तेल गळतंय त्यावर. चेहऱ्यावरच गळेल असा.

२० फेब्रुवारीपासून पेट्रोलचा कॅन भरभर संपतोय असं लिहून ठेवते. इथे कुणीतरी चोर आहे. शेजारच्या रंगाऱ्यावर माझा संशय आहे.

२३ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. उद्या सुनावणी आहे.

मिठाचं मैदान म्हणजे क्षितिजापर्यंत पांढरं. चष्म्याशिवाय डोळे उघडत नाहीत. बुटाखाली करकरतं, ओठांवर बसतं, चहासुद्धा खारट. सकाळी आठला मी निघाले. हवा थंड, मशीन खूश. जाताना १८५.६, येताना १८४.२. सरासरी १८४.९. पंचांनी तो फळ्यावर लिहिला. तिन्ही आकडे खोडले. भावजयीने मला उचललं, खरोखर जमिनीवरून उचललं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कळलं नाही.

चँपियन अकराला उतरला. मीच बांधलेली मशीन, वर नवा रंग. आवाज ऐकला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. उंच, पातळ, घासल्यासारखा आवाज. उपाशी मशीन असा आवाज करते. लोकांना वाटतं काय सुंदर पळतेय. आमच्या धंद्यात पक्कं माहीत असतं, अडीचशेची ही मशीन मरायच्या आधी सगळ्यात जोरात पळते.

१८८.३. टाळ्या. आता त्याला तासात परत यायचं होतं आणि माझा आकडा जाणार होता.

चाळीस मिनिटं उरली होती. ट्यूनर तंबूत लॅपटॉपपुढे बसलेला. आणि चँपियन दोरीतून बाहेर आला तो सरळ माझ्या तंबूकडे. हातात रुमाल. हिणवायला आला असणार, दुसरं काय. रुमाल उघडला, तळहात माझ्यापुढे धरला. बायको शेजारी उभी, तिच्याकडे एकदा पाहिलं फक्त.

प्लग राखेसारखा पांढरा. टोकावर दाणे. चार, पाच, साखरेच्या कणांसारखे चकाकते.

मी गप्प राहिले असते तर? हे लिहायलाच हवं, मी गप्प राहिले. किती वेळ, दहा आकडे मोजण्याइतका. त्या दहात सगळं आलं. स्वयंपाक व सामान आलं. कुलूप आलं. मशीन दीड किलोमीटरवर जाम होईल, मागचं चाक अडकेल, तो मिठावर घासत जाईल, आणि फळ्यावर माझा आकडा राहील. मी काही केलेलं नसेल. माझ्यावर बोट ठेवायला जागा नसेल.

मग म्हटलं, "दाणे आहेत. दोन नंबर मोठा जेट घाल, नाहीतर जाऊ नकोस."

त्याने प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसला. "दोन नंबर मोठा घातला की सात-आठ किलोमीटर जातात. बरोबर तुझ्या आकड्याखाली बसतो मी. ताई, मला एवढा खुळा समजतेस?"

"खुळा आहेसच. पण हे खरं सांगतेय."

"लॅपटॉपवर सगळं हिरवं आहे."

"मग लॅपटॉपला बसव सीटवर!"

भावजय पुढे झाली. तिने प्लग हातात घेतला, उजेडाकडे फिरवला. म्हणाली, "दाणे आहेत. मलाही दिसतात."

"तूसुद्धा," तो म्हणाला. प्लग तिच्या हातातून घेतला आणि गेला.

पाच महिने मी त्याला शत्रू म्हणून वागवलं, म्हणून तो माझं खरं ऐकेना. याचा राग कुणावर काढू?

तो प्लग बसवून पाणी प्यायला वळला. मी चालत गेले. धावले नाही, धावलं की लोक अडवतात. वाकून मूठभर मीठ उचललं. दोरी ओलांडली. एका हाताने थ्रॉटल पिळून धरला, म्हणजे कार्बोरेटरची झडप वर होते, आणि दुसऱ्या हाताने मीठ त्याच्या उघड्या तोंडात ओतलं. बोटाने आत ढकललं. आता सगळं खोलून धुतल्याशिवाय ती सुरू होणार नव्हती, आणि धुवायला तास पुरत नाही.

तो ओरडत आला, "काय केलंस! काय केलंस!" दोघांनी मला धरलं. मी म्हटलं, "उघडा इंजिन. सगळ्यांसमोर उघडा."

तक्रार झाली म्हणून नियमाप्रमाणे उघडलं. पिस्टनची एक बाजू मेणासारखी ओघळलेली. पंचांनी बोट फिरवलं, बोटाला चंदेरी चुरा लागला. म्हणाले, "दोन किलोमीटर नसता गेला." चँपियनने ते बघितलं.

सगळे विचारतात, भावाला वाचवायला केलंस की आकडा वाचवायला? मी सांगते, मला माहीत नाही. हात मीठ उचलत होता तेव्हा मी त्याला विचारलं नाही.

२४ मार्च

सुनावणी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीत अडकलेली माशी. पंच मध्ये.

"दोरीच्या आत जाऊन दुसऱ्याच्या मशीनला हात लावला. मान्य?"

"दुसऱ्याच्या नाही. मशीन मी बनवलीय. बनवणाऱ्याला आत परवानगी आहे, तुम्हीच वाचून दाखवलंत."

पंच चँपियनकडे वळले. हळू बोलले, जणू त्याला वेळ देत होते. "तुमच्या फॉर्मवर बनवणारा म्हणून तुमचं नाव आहे. आज सुधारणा करायची असेल तर करता येते. ही मशीन तुमच्या बहिणीने बनवली का?"

हो म्हटलं असतं तर मी निर्दोष, माझा आकडा पक्का. नाही म्हटलं तर माझा आकडा रद्द, त्याचा जुना १८३.६ परत फळ्यावर. त्याच्या मागे त्याला पैसे पुरवणारे बसलेले. ट्यूनर बसलेला. तो टेबलाच्या कडेवर नख घासत होता. लहानपणी खोटं बोलायच्या आधी असंच घासायचा.

"नाही," तो म्हणाला. "ताई स्वयंपाकाला असायची."

भावजय मोठ्याने हसली. एकटीच. "त्यांना विचारा, वीस वर्षांत वन्संच्या हातचं काय खाल्लं? एक पदार्थ सांगा म्हणावं. अंडं उकडायला ठेवतात आणि भांडं जाळतात त्या!"

लोक हसले, पण कागद हसत नाही. मिठाचा रेकॉर्ड रद्द. चालक म्हणून मला दोन वर्षं बंदी. डांबर आणि वाळू राहिली.

बाहेर पायरीवर पंच भेटले. चष्मा पुसत म्हणाले, "निकाल मीच लिहिलाय. चालक म्हणून बंदी आहे. बनवणाऱ्याच्या रकान्याबद्दल त्यात एक अक्षर नाही." आणि निघून गेले. हे मला कशाला सांगितलं? चालवायचीच नाही तर बनवून काय करू, कुंड्या ठेवू त्यावर?

२९ मार्च

मोबाइलवर मेसेज. भावजयीने वाचला. "ताई, दाणे खरंच होते."

मी तिला लिहायला सांगितलं, "मला काय सांगतोस, टेबलापुढे सांगायचं होतंस." तिने लिहिलं. मग विचारलं, "अजून काही?" म्हटलं, "नाही." खरं तर विचारायचं होतं की हेल्मेटचा पट्टा तो अजून ढिला ठेवतो, ते कुणी बघतं की नाही. नाही विचारलं. बघेल त्याचा लॅपटॉप.

१६ एप्रिल

वीस दिवस मशीनकडे पाहिलं नाही. पाण्याच्या मोटारी. वाइंडिंग, सील, वाइंडिंग. आत नुसता जाळ. रंगाऱ्याला पेट्रोलवरून सोलून काढला. तो म्हणाला, "बाई, माझ्याकडे सायकल आहे." तरी संशय फिटला नाही.

२१ एप्रिल

चोर सापडला.

पहाटे जाग आली ती आवाजाने. माझीच मशीन, मागच्या रस्त्यावर. मी पाना घेऊन धावले. धावता धावता ऐकत होते, आणि चोराला मनातल्या मनात शिव्या घालत होते, कारण तो तिसरा गियर उशिरा टाकत होता. बाकी सगळं स्वच्छ. चौथा चोख. पाचवा लोण्यासारखा.

वळणावरून मशीन आली, थांबली. हेल्मेट निघालं. भावजय.

मी पाना खाली केला नाही. "किती दिवस चाललंय हे?"

"डिसेंबरपासून. तुम्ही क्लच दाखवलात ना, तेव्हापासून."

"पडलीस का कधी?"

"तीनदा. तुम्हाला सांगितलं, बाथरूममध्ये घसरले."

तीनदा बाथरूममध्ये घसरली आणि मी तिला चपला बदल म्हणून सांगत होते!

ती खाली उतरली, हातमोजे काढत म्हणाली, "बंदी तुमच्यावर आहे, वन्सं. माझ्यावर कुठे? सत्तेचाळीस किलो आहे मी, तुमच्याहून चार कमी. मेच्या शेवटी मिठावर आणखी एक मेळावा आहे."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"तेच ऐकायचंय मला."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. पाच महिने माझ्या शेडमध्ये राहतेय ही बाई. आज पहिल्यांदा विचार आला की ही मदतीला आली नव्हतीच. ही घरातूनच निघाली होती. मी म्हणजे पण काय बाई आहे! डोळे प्लगला लावलेले.

म्हटलं, "तिसरा उशिरा पडतोय तुझा. कानाने टाक, आकड्याने नको. चल, परत जा. मी ऐकतेय."

३० मे

१८६.३. खोडला.

फॉर्म भरताना पंचांनी एकेक रकाना मोठ्याने वाचला, माझ्यासाठी मुद्दाम. चालक, भावजय. बनवणारी, मी. या वेळी वाचून सही केली, दोनदा वाचून. पुढचा रकाना, अपघात झाल्यास कुणाला कळवावं. तिने चँपियनचं नाव घातलं. मी म्हटलं, "त्याला कशाला?" ती म्हणाली, "नवरा आहे. कळवतात तसं." आणि पंचांना म्हणाली, "अपघात नाही झाला तरी कळवा."

कळवायची गरज पडली नाही. तो आला होता. मशीन आणली नव्हती, त्याची अजून कुणाला बांधता आलेली नाही. गर्दीच्या कडेला उभा होता, एकटा. वाळला आहे. शर्टाला कॉलरशी ग्रीस होतं, म्हणजे स्वतः प्रयत्न करतोय.

जाताना तिने १८७.१ केले. मशीन दोरीच्या आत उभी राहिली. ती हेल्मेट काढून बसली, घाम निथळत होता, आणि लहान मुलीसारखी हसत होती. मी आत गेले, प्लग काढला, उजेडाकडे फिरवला.

दोरीला पोट टेकून चँपियन उभा होता. बायकोकडे बघवेना, म्हणून माझ्या हाताकडे बघत होता. मान लांब करून. तिला परत जायचं होतं आणि त्याला तो आवाज आठवत असणार.

"ताई," तो म्हणाला. "रंग कसा आहे?"

चहासारखा होता. एवढा सुंदर रंग मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

मी प्लग मुठीत मिटला. म्हटलं, "बाहेरच्या माणसाला सांगायचा नियम नाही."

तसा कुठलाही नियम नाही.